सहा तोट्या आणि एक चुलवाण

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा लागला की मी हवामानातले दोनच आकडे बघते. रात्रीचं किमान आणि दुपारचं कमाल. बर्फ किती पडणार, वारा किती सुटणार, याकडे लक्षच जात नाही. रात्र उणे ४-५ अंश सेल्सिअसच्या खाली आणि दुपार ४-५ अंशांच्या वर, अशी जोडी सलग तीन-चार दिवस दिसली की फडताळातून ड्रिल काढायचं, मेपलच्या झाडांचा रस काढून त्याचं सिरप करायला. यंदा ती जोडी मार्चच्या पहिल्या सोमवारी दिसली.

आम्ही अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या अंडरहिल गावी राहतो. माउंट मॅन्सफील्ड हा राज्यातला सगळ्यात उंच डोंगर, त्याच्या पश्चिम पायथ्याला. घर घेतलं तेव्हा रस्त्याच्या कडेला शुगर मेपलची पाच जुनी झाडं होती. पहिली दोन वर्षं ऑक्टोबरात त्यांची पानं केशरी होतात तेवढंच कौतुक. मग एका मार्चमध्ये शेजारच्या आजोबांच्या शेडमधून रात्रभर पांढरी वाफ निघताना दिसली. चौकशीला म्हणून गेले आणि दारातच थांबले. आतून उकळत्या रसाचा वास येत होता. तो अगदी आमच्या गुऱ्हाळाचा वास नव्हता, पण त्याच्या सख्ख्या चुलत भावाचा म्हणावा इतका जवळचा होता.

माझं माहेर कागल तालुक्यातलं. घरामागेच गुऱ्हाळ होतं आणि थोरले काका, आमचे तात्या, गुळव्या, म्हणजे रस आटवून गूळ करणारे, होते. दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झालं की शाळेतून आल्यावर दप्तर टाकून आम्ही पोरं रस आटवायच्या मोठ्या काहिलीभोवती. त्यामुळे रस आटवणं माझ्या ओळखीचं होतं. झाडातून रस काढणं मात्र सगळंच नवं. इथल्या लोकांना शेड दिसते, मला गुऱ्हाळ दिसतं, म्हणून मी त्याला गुऱ्हाळच म्हणते आणि आजोबांनीही आता तो शब्द उचलला आहे.

यंदाचा माझा चौथा हंगाम. पहिल्या वर्षी घाई केली होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच चार दिवस ऊन पडलं, छपरावरचा बर्फ गळायला लागला, आणि मी उत्साहाने सगळ्या झाडांना भोकं पाडली. दोन दिवस रस आला. नंतर थंडी परतली, तीन आठवडे पारा उणे १५च्या आसपास, दुपारीसुद्धा शून्याखाली. झाडं गप्प. मार्चच्या मध्यावर खरा रस सुटला तेव्हा शेजारच्या बादल्या भरून वाहत होत्या आणि माझ्या तळाशी ओंजळभर. आजोबांनी कारण सांगितलं: भोक पाडलं त्या दिवशी घड्याळ सुरू होतं. जखमेत जंतू शिरतात, वाढतात, झाड ती जागा आतून बंद करायला घेतं, आणि सहा-आठ आठवड्यांत भोक निकामी होतं. माझ्या सहा आठवड्यांतले तीन मी थंडीत वाया घालवले होते. तेव्हापासून उन्हाला भुलत नाही. चार दिवसांचा अंदाज सलग दिसला पाहिजे, आणि तोही फेब्रुवारी सरता सरता.

रात्री गोठणं का लागतं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. ऊब आली की रस चढतो, एवढंच डोक्यात होतं. तसं असतं तर मे महिन्यात धो धो आला असता. खरी गंमत मेपलच्या लाकडात आहे. रसवाहिन्यांच्या भोवतीच्या तंतूंमध्ये पाण्याऐवजी हवा असते. रात्री पारा उतरला की रस त्या तंतूंमध्ये ओढला जाऊन आतल्या भिंतींवर गोठतो आणि हवा आकसते. झाडात ओढ तयार होते आणि मुळं जमिनीतलं पाणी वर घेतात. दुपारी बर्फ वितळतो, दबलेली हवा फुगते आणि रसावर दाब येतो. तेवढ्यात खोडाला भोक असलं तर रस बाहेर पडतो. रात्री गोठलं नाही तर झाडात नवा रस भरतच नाही, आणि दिवसा वितळलं नाही तर भरलेला बाहेर येत नाही. दोन्ही हवं. रसातली साखर मागच्या उन्हाळ्याची. पानांनी केलेली, पिष्ट म्हणून लाकडात साठवलेली, थंडीत पुन्हा साखर झालेली.

व्हरमाँटमध्ये मार्चचा पहिला मंगळवार टाउन मीटिंगचा. गावकरी सभागृहात बसून गावचा वर्षाचा खर्च मंजूर करतात, वाद घालतात, दुपारी एकत्र जेवतात. आपल्याकडची ग्रामसभाच. जुनी माणसं झाडं टोचायची ती याच दिवसाच्या आगेमागे. अलीकडे हवा लवकर फिरते, त्यामुळे हजारो झाडं असलेले बागायतदार फेब्रुवारीतच, काही तर जानेवारीतही कामाला लागतात. माझी झाडं पाचच, मला मंगळवार पुरतो.

झाडांची ओळख पटवायची ती पानं असतानाच. हिवाळ्यात सगळी खोडं सारखीच दिसतात. फांद्या समोरासमोर जोडीने फुटतात ही मेपलची एक खूण, पण अॅश नावाच्या झाडाच्याही तशाच फुटतात. कळी बघायची: शुगर मेपलची कळी तपकिरी, टोकदार, अणीदार पेन्सिलीसारखी. रेड मेपलची लालसर आणि गोलट. रेड मेपलचाही रस निघतो, पण साखर बहुधा कमी आणि कळ्या लवकर फुगतात. मी ऑक्टोबरातच प्रत्येक खोडाला सुतळी बांधून ठेवते.

खोडाचा व्यास निदान ३० सेंटिमीटर हवा, त्याखालचं झाड टोचायचं नाही. ४५च्या वर असेल तर दोन भोकं चालतात. माझ्याकडे तसं एकच आहे, फाटकाजवळचं. म्हणून पाच झाडं, सहा तोट्या. लोक म्हणतात, आणखी एक पाडलं तर काय होतंय. मला ते पटत नाही. आपल्या चमचाभर गोडासाठी झाडाने किती सोसायचं याला माप असावं, आणि ते माप आधीच्या पिढ्यांनी घालून दिलेलं आहे.

मंगळवारी दुपारी एक वाजता बाहेर पडले. पारा ३ अंशांवर. बर्फ गुडघ्याच्या वर होता, त्यामुळे पाय रुतू नयेत म्हणून स्नोशू घालून. सोबत ड्रिल आणि त्याचं ८ मिलिमीटरचं पातं, त्यावर ४ सेंटिमीटरवर चिकटपट्टीची खूण, लहान हातोडी, उकळून घेतलेल्या तोट्या स्वच्छ पिशवीत. या स्वच्छतेचा मला आता धसकाच आहे. आमच्या अंडरहिलमध्येच व्हरमाँट विद्यापीठाचं मेपल संशोधन केंद्र आहे, १९४६पासून. तोटी आणि नळ्या स्वच्छ असतील तर भोक जास्त दिवस चालतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं मोजून दाखवलं आहे. पूर्वी मी गेल्या वर्षीच्या तोट्या नुसत्या विसळून घेत असे. आता दहा मिनिटं उकळते.

जागा निवडायला सगळ्यात जास्त वेळ जातो. मागच्या वर्षांच्या भोकांच्या खुणा शोधायच्या: साल ओठासारखी मिटत आलेली असते. झाड जखम भरून काढत नाही, ती कोंडून टाकतं. भोकाच्या वर आणि खाली बरंच लांबपर्यंत लाकूड तपकिरी पडतं, त्यातून पुन्हा कधी रस वाहत नाही. वरून नवं लाकूड चढतं, आणि मेलेला पट्टा आत तसाच राहतो. म्हणून नवं भोक जुन्याच्या थेट वर किंवा खाली नको. बाजूला वीतभर सरकायचं आणि थोडं वर-खाली. असं करत करत वर्षानुवर्षं खोडाभोवती फिरायचं.

पातं थोडं वरच्या दिशेला धरायचं, म्हणजे भोकाचा उतार बाहेर येतो आणि रस आत साचत नाही. एका दमात आत, एका दमात बाहेर. पहिल्या झाडाचा भुसा साईच्या रंगाचा, ओलसर. जिवंत लाकडाची हीच खूण. दुसऱ्याचाही तसाच. तिसऱ्याचा, विहिरीजवळच्या झाडाचा, भुसा चहापत्तीसारखा तपकिरी निघाला. मी लगेच थांबले. मी घर घेण्याआधीच्या कुणीतरी पाडलेलं भोक असणार, वरची साल पूर्ण मिटलेली, बाहेरून काहीच कळायला मार्ग नव्हता. मला फार वाईट वाटलं. एक जखम फुकट गेली. तिथे तोटी ठोकून उपयोग नव्हता आणि भोक बुजवायलाही जायचं नसतं, झाड स्वतःच बुजवतं. पाच मिनिटं नुसता हात ठेवून उभी राहिले, मग झाडाच्या दुसऱ्या अंगाला, पूर्वेकडे, नवी जागा बघितली. तिथे भुसा पांढरा आला.

तोटी ठोकताना कान द्यायचा. हातोडीचा आवाज सुरुवातीला पोकळ येतो, मग एका ठोक्याला बद्द होतो. तिथेच हात आवरायचा. त्यापुढे एक जरी ठोका जास्त पडला तर लाकूड उभं चिरतं आणि रस तोटीबाहेरून गळून वाया जातो. हा आवाज मला आजोबांनी माझा हात धरून शिकवला. शब्दांत सांगून कळला नसता.

तोटी बसली आणि टोकाला थेंब धरला. तो फुगला, थरथरला, पडला. रिकाम्या बादलीत टण्ण. लेकीने जीभ पुढे करून दुसरा थेंब झेलला. म्हणाली, "आई, हे तर पाणीच आहे." पाणीच असतं. फार लक्ष दिलं तर शेवटी शेवटी जिभेच्या कडेला गोडाची पुसट चाहूल लागते, नारळाचं पाणी संपल्यावर राहते तशी. सहावी तोटी बसली तेव्हा पहिल्या बादलीतला आवाज बदलला होता. तळ झाकला गेला होता.

बादल्या स्टीलच्या घ्या, झाकणासकट. जुन्या बाजारात पत्र्याच्या बादल्या मिळतात, दिसायला सुंदर, पण जुन्यांच्या सांध्यांना शिशाचा डाग असू शकतो. मी तसल्या दोन घेतल्या आहेत, त्यात झेंडू लावते.

मंगळवारी अर्ध्या दिवसात ११ लिटर रस मिळाला. बुधवारी २७. गुरुवारी ढग होते तरी २२. एकूण ६० लिटर. सकाळी बादलीत रसावर बर्फाची चकती तरंगत असते. ती मी काढून फेकते, कारण बर्फ होतो तो मुख्यतः पाण्याचा, साखर खाली उरलेल्या रसात राहते. फुकटात थोडं आटवून मिळतं. रसावर काळ्या मिऱ्याच्या भुग्यासारखं काही दिसलं तर घाबरू नये: बर्फावर उड्या मारणारे बारीक किडे असतात, गाळणीत अडकतात. रस मात्र दुधासारखा जपायचा. माझे डबे मी उत्तरेकडच्या भिंतीलगत बर्फात पुरून ठेवते आणि चार दिवसांच्या आत आटवते. गेल्या वर्षी सहा दिवस ठेवलेला रस दुधाळ, आंबूस झाला आणि ओतून द्यावा लागला.

शुक्रवारी रात्री ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं शेकडा प्रमाण, बघितला. कारखान्याच्या शेती खात्यातले लोक उसाचा रस ज्या दुर्बिणीसारख्या नळीतून बघतात, तीच नळी. २.१ आला. उसाच्या रसाला हाच आकडा १८-२० असतो, म्हणजे उसाच्या एका लिटरात असते तेवढ्या साखरेला मेपलचे नऊ लिटर. इथे साधा हिशेब आहे: ८६ला ब्रिक्सने भागायचं, येईल तितके लिटर रस एक लिटर सिरपला लागतो. ८६ भागिले २.१, म्हणजे ४१. साठ लिटरला दीड लिटरही नाही. माझ्या वडिलांना, आबांना, फोनवर हा उतारा सांगितला तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग जळण किती लागंल गं?"

खरा प्रश्न तोच. साडेअठ्ठावन्न लिटर पाणी वाफ करून उडवायचं होतं. हे घरातल्या शेगडीवर करायला जाऊ नये. तेवढी सगळी वाफ छताला आणि भिंतींना लागते, रंग सुटतो. मी अंगणात सिमेंटच्या ठोकळ्यांचं चुलवाण रचलं आहे: तीन बाजूंनी दोन ठोकळे उंच, समोरून तोंड, मागे पत्र्याचं धुराडं, वर स्टीलच्या दोन आयताकृती पराती. खोल पातेलं कामाचं नाही. पसरट भांडं हवं, कारण पाणी उडतं ते पृष्ठभागावरून. तात्यांची काहीलही पसरटच होती, फक्त तिच्यात माझ्या दहा पराती मावल्या असत्या.

शनिवारी सकाळी सात वाजता जाळ धरला. साडेसातच्या सुमारास पहिली उकळी. लाकडं मनगटाएवढी फोडलेली, दोन वर्षं वाळलेली, आणि दर आठ-दहा मिनिटांनी दोन-दोन सारायची. जाड ओंडका घातला की जाळ बसतो आणि उकळी थंडावते. गुऱ्हाळात चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला माणूस चिपाडं अशीच थोडी थोडी सारायचा, हाताला खंड नाही. लहानपणी मला ते सगळ्यात सोपं काम वाटायचं. आता पाठ दुखते तेव्हा कळतं.

मागच्या परातीत कच्चा रस गरम होत ठेवायचा आणि पुढच्या परातीची पातळी उतरली की त्यातला मगाने पुढे घालायचा. थंड रस थेट ओतला तर उकळी मोडते. फेस काढायला झारा. मेपलला भेंडी लागत नाही. गुऱ्हाळात रानभेंडीचं चिकट पाणी घातलं की मळी वर गोळा होऊन यायची आणि तात्या ती लांब दांड्याच्या झाऱ्याने काढायचे. इथे रस मुळातच निवळ. फेस एकदम वर चढायला लागला तर लोण्याचा हरभऱ्याएवढा गोळा टाकायचा, क्षणात खाली बसतो. आमच्याकडे तेलाचा थेंब टाकायचे. दोन टोकांच्या दोन मुलखांत, एकमेकांना न विचारता, एकच उपाय सापडलेला आहे.

दुपारी आजोबा आले, चुलीशी बाकावर बसले. त्यांचं वय ८१. त्यांच्या कुटुंबाची ही चौथी पिढी या धंद्यात. पण ते नेहमी एक सांगतात, की आम्ही इथे फार उशिरा आलो. अबेनाकी आणि आसपासचे मूळ रहिवासी युरोपियन माणसं यायच्या आधीपासून मेपलचा रस काढत आणि आटवत होते, बर्चच्या सालीच्या भांड्यांतून रस वाहून आणत होते. आम्ही त्यांच्याकडून शिकलो, असं ते म्हणतात. त्यांनीच मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती उसाच्या मुलखातून आल्यामुळे माझ्या मनात घर करून राहिली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वेस्ट इंडीजमधली उसाची साखर गुलामांच्या रक्तावर पिकते म्हणून गुलामगिरीच्या विरोधातली माणसं मेपलच्या साखरेचा आग्रह धरत होती. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन १७९१ साली व्हरमाँटमध्ये बेनिंग्टनला येऊन ही झाडं बघून गेला आणि त्याच वर्षी त्याने व्हर्जिनियातल्या आपल्या माँटिसेलोच्या मळ्यात मेपल लावायला घेतले. तिथे ते फारसे जगले नाहीत. आणि त्या मळ्यावर राबणारी माणसं गुलामच होती.

तीन वाजेपर्यंत रसाला रंग आला. आधी गवती चहासारखा, मग मधासारखा. बुडबुडे लहान आणि दाट झाले. वाफेचा वास बदलला, नुसत्या ओल्या लाकडाचा वास जाऊन भाजल्या साखरेची झाक आली. चारला सगळा रस एका परातीत आला, बोटभर उंचीचा. आता तो बाहेर ठेवायचा नाही. लाकडाच्या जाळाला लगाम नसतो आणि शेवटच्या बोटभर रसाला लगाम लागतोच.

पहिल्या वर्षी मी इथेच चुकले होते. परात चुलवाणावरच ठेवून फोन घ्यायला आत गेले. चार मिनिटांत परत आले तर काळा धूर. तीन दिवसांचा रस, एका दिवसाचं जळण, सगळं करपलेल्या कोळशात गेलं, परातही गेली. त्या रात्री मी खूप रडले होते. तात्या तेव्हा हयात होते. फोनवर म्हणाले, "आदण उतराय आलं की गुळव्या पाणी प्यायालाबी उठत न्हाई." तेव्हापासून शेवटचा टप्पा मी गॅसच्या शेगडीवर करते आणि त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत असतो.

सिरप झालं हे ओळखायचं कसं? ते पाण्याच्या उकळीपेक्षा ४ अंश वर उकळतं तेव्हा झालं. वाचायला सोपं आहे, पण पाण्याची उकळी १०० अंशांना असते हे पुस्तकातलं. डोंगरात ती कमी, आणि हवेचा दाब उतरला की आणखी कमी. एकाच घरात सोमवारी आणि शनिवारी वेगळी येते. म्हणून शेजारच्या शेगडीवर साधं पाणी उकळत ठेवायचं आणि त्या दिवशीचा आकडा त्या दिवशी बघायचा. शनिवारी बर्फाचं वादळ येऊ घातलं होतं. पाणी ९८.८ला उकळलं. म्हणजे माझा आकडा १०२.८. मी १०४ धरून बसले असते तर पाक जास्त आटला असता आणि आठवड्याभरात बाटलीच्या तळाशी साखरेचे खडे बसले असते. कमी आटला तर बुरशी धरते.

१०१पर्यंत पारा सावकाश चढला. त्यानंतर पाणी थोडंच उरलेलं असतं, त्यामुळे तो भराभर जातो. गॅस बारीक. उलथनं बुडवून आडवं धरलं: थेंब सुटे पडत होते. दोन मिनिटांनी पुन्हा: दोन थेंब कडेला येऊन एकमेकांत मिसळले, पण धार झाली नाही. आणखी मिनिटभराने कडेला सिरपचा पातळ पडदा लोंबला आणि तुटून पडला. थर्मामीटर १०२.७. मी गॅस बंद केला. तात्यांकडे थर्मामीटर नव्हता. थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचे, बोटांत गोळी फिरवायचे, कधी गोळी काठावर आपटून आवाज ऐकायचे. गूळ याच्या कितीतरी पुढे आटवावा लागतो, काकवी आधीच काढून घेतात. माझं सिरप त्या काकवीच्याही अलीकडे थांबतं.

तयार सिरपमध्ये एक राखाडी, किरकिरीत गाळ धरतो. झाडातलं कॅल्शियम आणि रसातलं मॅलिक आम्ल यांचा तो क्षार, रस आटल्यावर विरघळलेला राहू शकत नाही. फडक्यातून तो पार होतो. जाड नमद्याची शंकूच्या आकाराची गाळणी लागते, आणि सिरप कढत असतानाच गाळावं लागतं. गार झालं की गाळणीतून उतरतच नाही. बाटलीत भरताना ८५ अंश असू द्यायचं, झाकण लावून बाटली दोन मिनिटं आडवी ठेवायची, म्हणजे झाकणाची आतली बाजूही शेकून निघते. पाव लिटरच्या पाच बाटल्या भरल्या आणि वाटीभर उरलं.

बाटली खिडकीशी धरली. फिकट, सोनेरी. पहिल्या रसाचं सिरप असंच येतं. हंगाम पुढे सरकतो, हवा उबदार होते, रसातले जंतू साखर फोडतात, आणि तीच फुटलेली साखर आटवताना जास्त लाल होते. दुकानात गोल्डन, अंबर, डार्क, व्हेरी डार्क असे चार रंग दिसतात, ते बरेचसे हंगामाच्या तारखाच आहेत. बरेच लोक पहिलं सोनेरी सिरप उत्तम मानतात. मला मार्चच्या शेवटचं गडद आवडतं, त्यात गुळाची आठवण असते. पहिल्याची चव नाजूक, थोडी व्हॅनिलासारखी, थालीपिठाखाली दबून जाते. ते नुसतंच चाटावं.

वाटीतलं सिरप पुन्हा जरा आटवून लेकीने परातीतल्या स्वच्छ बर्फावर धार सोडली. पडल्या पडल्या चिवट, चिकीच्या पाकासारखं झालं. इथे हे काकडीच्या आंबट लोणच्याबरोबर खातात, गोडाने तोंड मिटलं की लोणच्याने उघडतं. आमच्या घरी लिंबाचं लोणचं असतं. आजोबांनी आधी बोटाच्या टोकाने चाखलं, मग बरणी स्वतःकडे ओढून घेतली.

रात्री नऊ वाजले होते. गावी रविवारची सकाळ, साडेसात. आबा पडवीत चहा पीत होते. बाटली कॅमेऱ्यासमोर धरली.

"काकवीगत दिसतंय की," ते म्हणाले. "पातळ हाय जरा."

"एवढंच असतं आबा."

"ऊस आमी तोडतो. झाड तसंच उभं ऱ्हातंय न्हवं?"

मी विहिरीजवळच्या झाडाचं सांगितलं, तपकिरी भुशाचं, फुकट गेलेल्या भोकाचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, कळ्या फुगल्या की काय करतेस. म्हटलं, थांबते. कळी फुगायला लागली की रसाला कडवट, उग्र वास येतो. मग तोट्या काढायच्या, भोकं उघडी सोडायची.

"फुडचं आदण कवा?"

"बुधवारी रात्री उणे ६ दाखवतंय, गुरुवारी दुपारी ५. शनिवारी पुन्हा धरेन."

"मग जाळ धरायच्या आदी फोन लाव. आमच्याकडं तवा सांजच असंल. मला चुलवाण पयल्यापास्नं बघायचंय. लाकडं जाड फोडलीयास तू."